काचेच्या मण्याचे गुपित

एखाद्या लहान मुलापुढे ताटलीएवढे भिंग आणि मोहरीएवढा काचेचा मणी अशा दोन वस्तू ठेवाव्यात आणि विचारावे, ‘बाळ, मुंगी जास्त मोठी कशातून दिसेल रे?’ मूल बेधडक ताटलीकडे बोट दाखवील. मुलाचे सोडा, त्याच्या तीर्थरूपांना विचारले तर तेही बहुधा तेच उत्तर देतील. मोठी वस्तू तेवढी मोठ्या कामाची, अशी आपली जन्माची समजूत असते. घरातले मोठे पातेले, मोठा कंदील आणि मोठा फटाका ह्यांनी ती पक्की करून ठेवलेली असते. भिंगांच्या राज्यात मात्र सारा कारभार उलटा आहे. तेथे जो लहान तो बलवान. ह्या एका उलट्या कायद्याच्या जोरावर माणसाला एक अख्खी नवी सृष्टी दिसली. ती कशी दिसली, कोणाला दिसली आणि ज्याला दिसली त्याने काय लपवून ठेवले, ही कथा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना सांगावी असे मनात आहे.

आधी तो कायदा. नाकाला टेकवलेले अक्षर आपल्याला वाचता येत नाही. स्वच्छ दिसायला ते सुमारे २५० मिलिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे अधिक, दूर धरावे लागते. भिंग आपल्यासाठी एवढेच करते की, ते आपल्याला वस्तूच्या त्याहून जवळ जाऊ देते. काचेची पाठ जितकी अधिक वाकलेली, तितके किरण अधिक जवळ एकत्र येतात. आणि मणी जितका लहान, तितकी त्याची पाठ अधिक वाकलेली असणारच. सव्वा मिलिमीटर जाडीचा मणी घेतला तर वस्तू त्याच्या मध्यापासून एक मिलिमीटरहूनही कमी अंतरावर धरावी लागते. २५० मिलिमीटरवरून पाहायची वस्तू एका मिलिमीटरवरून पाहिली तर ती २५० पट मोठी दिसणार, हा शाळेतल्या त्रैराशिकाचा हिशेब झाला. पण हा कायदा फुकट काही देत नाही. जास्त पाहायचे असेल तर जास्त जवळ गेले पाहिजे, ही त्याची अट. वाचकांनी ही अट ध्यानात ठेवावी. साडेतीनशे वर्षांच्या ह्या हकीकतीत ती पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक नावाच्या एका तैलबुद्धीच्या गृहस्थाने ‘मायक्रोग्राफिया’ हा देखणा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिसू, ऊ, माशीचे डोळे, बुचाच्या लाकडातल्या बारीक बारीक कोठड्या, अशी कितीतरी चित्रे त्याने स्वतः काढून त्यात घातली होती. त्या कोठड्यांना त्याने दिलेले ‘सेल’ हे नाव जीवशास्त्राने कायमचे उचलले. आपण मराठीत तिला पेशी म्हणतो. हूकचा सूक्ष्मदर्शक म्हणजे एकापुढे एक भिंगे बसवलेली नळी. त्या काळची भिंगे सदोष असत. एकाचे दोष दुसरे भिंग मोठे करून दाखवी, आणि वस्तूच्या कडेला इंद्रधनुष्याची नको असलेली झालर लागे. हूकला हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने एक कृती देऊन ठेवली : काच ज्योतीत वितळवून तिचा बारीक धागा ओढावा, धाग्याचे टोक पुन्हा ज्योतीत धरावे, म्हणजे त्याचा आपोआप मणी बनतो; तो घासून-पुसून भिंग म्हणून वापरावा. अशा एकट्या मण्यातून नळीपेक्षा स्वच्छ दिसते हेही त्याने सांगितले. पण असला मणी वापरणे फार जिकिरीचे, असे म्हणून तो स्वतः आपल्या नळीकडेच वळला.

ही जिकीर काय असते ते मी अनुभवलेले आहे. एका प्रयोगशाळेत बर्नरच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून मी असे पाच-सहा मणी पाडले होते. पाडायला काही कष्ट पडत नाहीत. वितळलेली काच पावसाच्या थेंबासारखी स्वतःच गोल होते. त्यातला खसखशीच्या दाण्याहून थोडा मोठा मणी पुठ्ठ्याच्या भोकात बसवला आणि कांद्याचा पापुद्रा त्यापुढे धरला. डोळा इतका जवळ न्यावा लागला की, पापण्यांचे केस पुठ्ठ्याला घासत होते. कांदा केसभर पुढे सरकला की सारे धूसर होई आणि मागे सरकला की अंधार! पाव तासाने मान अवघडली, डोळ्यांतून पाणी आले. मग एकदम विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशी समोर उभ्या राहिल्या आणि मी मान वगैरे विसरलो. हूक का कंटाळला ते मला त्या दिवशी समजले. आणि जो कंटाळला नाही, त्याच्याविषयी मला जो आदर वाटू लागला तो आजतागायत ओसरलेला नाही.

तो न कंटाळणारा माणूस म्हणजे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अंतोनी व्हान लेव्हेनहूक. जन्म १६३२ चा. त्याच गावात त्याच वर्षी थोर चित्रकार व्हर्मीरही जन्मला. लेव्हेनहूकचा बाप टोपल्या विणणारा, आणि तोही मूल लहान असतानाच वारलेला. सोळाव्या वर्षी पोराला अॅमस्टरडॅमला कापडाच्या दुकानात उमेदवारीला धाडले. पुढे गावी परतून त्याने स्वतःचे कापडाचे दुकान घातले, नगरपालिकेत एक बारीकशी नोकरी धरली. कापडाचे सूत पारखायला तेव्हाचे व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूकच्या हातात भिंग आले ते बहुधा असेच, गजकाठीच्या शेजारून. लॅटिन ही त्या काळची विद्वानांची भाषा. ती त्याला येत नव्हती. आपल्या गावच्या डच भाषेखेरीज त्याने दुसऱ्या भाषेत एक ओळ लिहिली नाही.

त्याचे उपकरण पाहिले तर हसू येईल. करंगळीएवढ्या उंचीच्या पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांत टाचणीने पाडावे तसे एक भोक, त्या भोकात दडलेले भिंग, आणि मागे वस्तू टोचून ठेवायला एक सुई व ती हलवायला दोन-तीन स्क्रू. नळी नाही, बैठक नाही. हे खेळणे उजेडाकडे तोंड करून डोळ्याशी भिडवायचे आणि पाहत राहायचे. असली पाचशेहून अधिक उपकरणे त्याने स्वतः बनवली. आज त्यांतली डझनभरही उरलेली नाहीत. उरलेल्यांत सर्वांत जोरदार आहे ते उट्रेख्टच्या विद्यापीठ-संग्रहालयातले : सुमारे २६६ पट मोठे दाखवणारे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. जेमतेम दीड मायक्रॉनाहूनही कमी अंतरावरचे दोन ठिपके हे भिंग वेगवेगळे दाखवते. खरी कसोटी हीच. नुसते मोठे दाखवणे सोपे. जवळजवळच्या दोन गोष्टी दोन आहेत हे दाखवणे कठीण.

१६७३ साली डेल्फ्टच्या डी ग्राफ नावाच्या डॉक्टराने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून ह्या कापडवाल्याची शिफारस केली, आणि पुढे पन्नास वर्षे लेव्हेनहूकची पत्रे लंडनला जात राहिली. १६७४ मध्ये त्याने गावाजवळच्या एका तळ्याचे पाणी पाहिले, तर त्यात हिरवे तंतू आणि इकडून तिकडे धावणारे चिमुकले जीव! मग त्याच्या मनाने घेतले की, मिरी तिखट का लागते ते पाहावे. त्या काळी मिरी म्हणजे डच जहाजांनी पूर्वेकडून आणलेले सोनेच. मिऱ्याच्या अंगाला बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. मिरी मऊ व्हावी म्हणून त्याने ती पाण्यात भिजत घातली. काही दिवसांनी त्या पाण्याचा थेंब भिंगापुढे धरला. काटे दिसले नाहीत. पण आजवर पाहिलेल्या कुठल्याही प्राण्याहून कितीतरी लहान असे जीव झुंडीच्या झुंडीने त्यात हालचाल करीत होते. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात त्याने हे लंडनला कळवले. आज आपण ज्यांना बॅक्टेरिया किंवा जिवाणू म्हणतो, ते माणसाच्या डोळ्याला प्रथम दिसले ते असे, तिखटाचे कारण शोधता शोधता.

लंडनच्या विद्वानांची आता पंचाईत झाली. एक अशिक्षित दुकानदार म्हणतो की, थेंबभर पाण्यात हजारो प्राणी आहेत; ते कोणी पाहिलेले नाहीत, पाहण्याचे यंत्र त्याच्याजवळ आहे, आणि यंत्राची कृती तो सांगायला तयार नाही! विश्वास ठेवावा तरी कसा? नेहेमाया ग्र्यू ह्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाला सोसायटीने ते जीव पाहायला सांगितले. त्याला ते दिसले नाहीत. इकडे लेव्हेनहूकने आपल्या परीने तोड काढली. त्याने गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना घरी बोलावून भिंगातून ते प्राणी दाखवले आणि त्यांच्या सह्यांच्या साक्षी लंडनला धाडल्या. साक्षीदारांत धर्मोपदेशक होते, नोटरीही होता. जमिनीच्या व्यवहाराला लागावे तसे साक्षीपुरावे जिवाणूंच्या अस्तित्वाला लागले! अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये हूकने स्वतः कंबर कसली. मिऱ्याचे पाणी, बारीक काचनळ्या आणि चांगली भिंगे अशी सिद्धता करून त्याने ते जीव सोसायटीच्या सभासदांना प्रत्यक्ष दाखवले. पुढच्या वर्षी त्याने मणी करण्याची कृती पुन्हा, अधिक सोपी करून, छापून टाकली. १६८० साली हा कापडवाला रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

त्यानंतर लेव्हेनहूकच्या घराची वाट रुळून गेली. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला आणि ईल माशाच्या शेपटीतले वाहते रक्त पाहून गेला. आल्यागेल्याला लेव्हेनहूक भिंगे दाखवी. पण सर्वांत जोरदार भिंगे तो कुणाच्या दृष्टीस पडू देत नसे, आणि ती कशी केली हे तर त्याने कधीच सांगितले नाही. पैशांपुढे वाकला नाही, थोरामोठ्यांच्या शब्दालाही बधला नाही. १७२३ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला, तेव्हा गुपितही बरोबर गेले. आपली २६ चांदीची उपकरणे त्याने रॉयल सोसायटीला ठेवली होती. ती पुढे एकोणिसाव्या शतकात कुठे गहाळ झाली. शंभर वर्षे त्याच्या तोडीचे निरीक्षण क्वचितच कुणाला साधले. त्याने दाखवलेली ती अफाट सृष्टी बहुतेकांना नुसती ऐकीव राहिली.

लेव्हेनहूकची थोरवी मी कमी लेखत नाही. पण ह्या मौनाची किंमत मोजली गेली आहे. जे एकालाच दिसते त्यावर दहाजणांची बुद्धी चालत नाही. जिवाणू पाहिले गेले १६७६ मध्ये. त्यांच्यापासून रोग होतात हे सिद्ध व्हायला जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली. ह्या विलंबाला इतरही पुष्कळ कारणे होती. पण चांगले भिंग चार हातांत नसणे हे त्यांतले एक. १८३० मध्ये इंग्लंडच्या लिस्टरने रंगाची झालर घालवणारी भिंगे कशी जुळवावीत ते सांगितले, आणि मण्याची जागा पुन्हा नळीने घेतली. मग जर्मनीतल्या येना गावी कार्ल झाइसच्या कारखान्यात अर्न्स्ट आब्बे आला. हाही गरिबाघरचा, सूतगिरणीतल्या कामगाराचा मुलगा. त्याच्या भिंगांनी रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने प्लेगचा जंतू ओळखला. दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, आणि हाफकिनने भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस तयार केली. १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ज्या घराण्यांत प्लेगच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्यांना जंतू दिसण्याचे मोल मी वेगळे सांगायला नको.

पण ह्याच आब्बेने १८७३ साली एक वाईट बातमीही दिली होती. भिंग कितीही निर्दोष करा, प्रकाशाच्या लहरीच्या साधारण निम्म्या लांबीहून जवळचे दोन ठिपके त्यातून वेगळे दिसणार नाहीत. रांगोळीची रेघ जशी चिमटीहून बारीक निघत नाही, तसाच हा प्रकार. येथे लहर हीच चिमटी. हिशेबाने ही मर्यादा सुमारे ०.२ मायक्रॉन येते. जिवाणू तिच्या अलीकडे, बहुतेक विषाणू तिच्या पलीकडे. आब्बेचे ते सूत्र येना येथल्या त्याच्या स्मारकावर कोरले आहे. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्मदर्शकाने ही भिंत ओलांडली खरी. पण त्यात वस्तू निर्वात पेटीत ठेवावी लागते, आणि जिवंत पेशी तेथे जिवंत राहत नाही. जीव जिवंत असताना पाहायचा तर प्रकाशच हवा. चमकणाऱ्या रेणूंच्या युक्तीने प्रकाशानेच ही भिंत चुकवणाऱ्या बेट्झिग, हेल आणि मोर्नर ह्या तिघांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ह्या भिंतीला दुसरीकडून भोक पाडले ते मात्र आपल्या जुन्या ओळखीच्या काचेच्या मण्याने! वस्तूच्या अंगची अतिसूक्ष्म माहिती घेऊन निघणाऱ्या काही लहरी वस्तूच्या पृष्ठभागापासून फार दूर जातच नाहीत. लहरीच्या लांबीएवढ्या अंतराच्या आतच त्या विरून जातात. म्हणजे ही वस्तूची कानगोष्ट झाली. दूर उभा राहणाऱ्याला ती ऐकू यायची नाही. ती ऐकायला भिंगानेच वस्तूला कान लावला पाहिजे. २०११ साली मँचेस्टरच्या झेंगबो वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ते ९ मायक्रॉन व्यासाचे काचेचे गोलक वस्तूवर चक्क टेकवून ठेवले आणि साध्या सूक्ष्मदर्शकाने त्या गोलकांमधून पाहिले. साध्या पांढऱ्या उजेडात ०.०५ मायक्रॉनाइतके बारीक तपशील त्यांना दिसले. २०१३ मध्ये अशाच रीतीने, पाण्यात बुडवलेल्या जरा मोठ्या गोलकांतून, ०.०७५ मायक्रॉनाचे अॅडिनोव्हायरस पाहिल्याचे प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये तर बँगोर आणि ऑक्सफर्ड येथल्या संशोधकांनी कोळ्याच्या जाळ्यातला तंतूच काचेऐवजी भिंग म्हणून वापरला, आणि ०.१ मायक्रॉनाचे तपशील वेगळे करून दाखवले. आपण दिवाळीच्या आधी केरसुणीने जी कोळिष्टके काढतो, त्यांच्या जातीतले हे भिंग! अर्थात ही युक्ती सर्वगुणसंपन्न नाही. गोलकाखाली येईल तेवढेच दिसते, आणि गोलक वस्तूला जवळजवळ चिकटलेला असावा लागतो. पेशीच्या पोटात खोलवर काय चालले आहे ते त्याला कळत नाही. म्हणजे कायदा तोच आणि अटही तीच. लेव्हेनहूकला डोळा भिंगाशी भिडवावा लागला. ह्यांना भिंग वस्तूशी भिडवावे लागले.

ह्याच सुमारास मण्याचे दुसरेही एक भाग्य उजळले. मीरतला जन्मलेले मनु प्रकाश ह्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डला कागदाच्या घडीचा सूक्ष्मदर्शक बनवला. छापील कागद कापायचा, घड्या घालायच्या आणि मध्ये एक काचेचा मणी बसवायचा. २०१४ साली त्यांनी त्याची सारी रचना उघडपणे प्रसिद्ध केली. सामानाचा खर्च एका डॉलरच्या आत. लेव्हेनहूकचे यंत्र आणि हे यंत्र एकाच कुळातले. फरक एवढाच की, ह्याच्या कर्त्याने कुलूप लावले नाही.

आणि आता त्या कुलपाची शेवटची गोष्ट. लेव्हेनहूकने आपली भिंगे कशी केली, ह्यावर तीनशे वर्षे तर्क चालले होते. पट्ट्यांच्या आत दडलेले भिंग बाहेर काढायचे तर ते अमोल उपकरण फोडावे लागले असते. त्यामुळे कोणी धजत नव्हते. अखेर हॉलंडमधल्या संशोधकांनी ही उपकरणे न फोडता त्यांच्यातून न्यूट्रॉनांचा झोत सोडला. पितळ त्या झोताला आडवे येत नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मध्यम शक्तीच्या उपकरणातले भिंग घासून केलेले निघाले. पण उट्रेख्टच्या त्या सर्वांत जोरदार उपकरणात मात्र होता एक गोल मणी, आणि त्याला चिकटलेले होते काचेच्या धाग्याचे तुटके देठ! ज्योतीत धागा वितळवून पाडलेला मणी. हूकने छापून सगळ्या जगापुढे ठेवलेल्या कृतीशी जुळणारा.

म्हणजे ज्या गुपितासाठी लोक झुरले, त्याच्या मुळाशी असलेली युक्ती छापील पुस्तकात उघडी पडलेली होती. कृती लिहिणाऱ्या हूकला ती जिकिरीची वाटली आणि त्याने ती सोडली. लेव्हेनहूकने पन्नास वर्षे मान अवघडून घेतली. त्याचे खरे गुपित ते मानेचे अवघडणे. ते चोरीला जाण्याची भीती त्याला मुळीच नव्हती. त्याने लपवली ती मात्र नेमकी सांगण्याजोगी गोष्ट होती. ती त्याने सांगितली असती तर त्याचे काही गेले नसते, आणि डेल्फ्टच्या त्या आठ साक्षीदारांऐवजी आठशे माणसांनी तो थेंब आपापल्या डोळ्यांनी पाहिला असता. ज्ञानाच्या व्यवहारात साक्षीच्या सहीपेक्षा दुसऱ्याच्या हातात दिलेले भिंग अधिक मोलाचे असते, हे मला त्या तुटक्या देठाने शिकवले.